गाडीतळाचा भोंगा

चिंचमळा सहकारी साखर कारखाना,
मु. पो. चिंचमळा, ता. श्रीगोंदा, जि. अहमदनगर
१८ फेब्रुवारी १९७१

ती. सौ. विजूमावशीस,

शामकांतचा नमस्कार. खरं तर पाया पडायला समक्षच यायला हवं होतं, पण गाळप हंगाम चालू आहे तोवर इथून कुणाचं पाऊल हलत नाही, तेव्हा नमस्कार पोस्टानेच पाठवतो आहे. चांगला वाकून केला आहे असं समज. तुझे गुडघे कसे आहेत? गोदावरीवरचा गार वारा त्यांना मानवत नाही, म्हणून थंडी सरेपर्यंत पहाटे घाटावर जाणं बंद ठेव (ठेवणार नाहीस, हे मला माहीत आहे). काकांचा खोकला, तांबू गाईचं नवं वासरू आणि तुझं मागीलदारचं शेवग्याचं झाड, या सगळ्यांचं कसं काय ते सविस्तर कळव. माझी प्रकृती उत्तम आहे. मनाचं म्हणशील तर ते पुढे येईलच.

तुला आधी काय ऐकायचं आहे ते मी ओळखून आहे. पुणतांब्याचे तुमचे शेजारी, निवृत्त स्टेशनमास्तर, आपल्या मुलीला, म्हणजे सुनीतीला घेऊन गेल्या रविवारी माझी नोकरी बघायला इथे येऊन गेले, आणि परतल्यापासून ते तुझ्याशी धड बोलत नाहीत. असं का, हे तू कार्डावर विचारलं आहेस (कार्डावर ‘काय दिवे लावलेस?’ एवढंच ठळक अक्षरात होतं, आणि आमच्या पोस्टमनने ते मला देण्याआधी कँटीनमध्ये वाचून दाखवलं). सांगतो. पण भोंग्याचं सांगितल्याशिवाय रविवारचं काही कळायचं नाही, आणि अहवालाचं सांगितल्याशिवाय भोंग्याचं कळायचं नाही, तेव्हा काकांना चहा देऊन ये आणि नीट बस.

तू सगळ्यांना ‘शामू कारखान्यात साखर मोजतो’ म्हणून सांगतेस, ते तितकंसं बरोबर नाही. साखर दुसरेच मोजतात. ऊस किती गाळला, साखरेचा उतारा काय पडला, ऊस पिळायचा चरक किती वेळ बंद राहिला, गाडीतळावर उसाच्या किती गाड्या खोळंबल्या, हे प्रत्येक खात्यातून माझ्याकडे येतं, आणि मी त्याचा एक दैनिक अहवाल करतो. तो इंग्रजीत टाईप होतो आणि कार्बन घालून त्याच्या प्रती निघतात. पहिली प्रत चेअरमनसाहेबांना जाते, त्यांना इंग्रजी येत नाही. दुसरी मॅनेजरसाहेबांना, त्यांना इंग्रजी येतं पण वेळ नसतो. शेवटची प्रत कामगारांसाठी म्हणून असते, आणि ती इतकी पुसट उमटते की वाचायला अक्षरओळख पुरत नाही, श्रद्धा लागते. म्हणजे बघ, सबंध कारखान्याची खबर रोज माझ्या टेबलावर येते आणि तिथून ती कुठेच पोचत नाही. बॉयलरवाल्यांना गाडीतळाचं माहीत नसतं, गाडीतळाला चरकाचं माहीत नसतं, आणि पाथर्डीकडून ऊस तोडायला आलेली माणसं भरल्या गाड्या घेऊन येतात, तळ तुडुंब भरलेला असतो, आणि मग दीड-दीड दिवस नंबर लागत नाही. ऊस वाळतो, बैलं उपाशी उभी राहतात. आणि एखादे दिवशी याच्या उलट, तळावर एक गाडी नसते आणि चरक मोकळा फिरत राहतो. आमच्या शेतकी अधिकाऱ्यांचं म्हणणं असं की हे आकडे सगळ्यांना सांगायचे नसतात, त्याने शिस्त बिघडते. (नंबर कुणाचा आधी लावायचा हे त्यांच्या हातात असतं आणि त्यांच्या घरी दुभत्याला तोटा नसतो, एवढंच लिहितो.)

मला याचं स्वप्न पडायला लागलं. जागेपणीच पडायचं. कारखान्यामागे गरम पाणी निववायचं फवाऱ्यांचं तळं आहे, त्याच्या कठड्यावर मी सकाळी जाऊन बसतो. पाण्याची कोमट वाफ अंगावरून जाते, मळीचा आंबूस-गोड वास असतो, समोर उसाला आलेले तुरे धुक्यात अर्धे बुडालेले असतात, आणि त्या सगळ्यात आपण आहोत की नाही असं वाटायला लागतं. तिथे बसून मला दिसायचं की या शिवारातल्या प्रत्येक माणसाला, फडातल्या बाईला, गाडीवानाला, चरकाशी उभ्या असलेल्या माणसाला, एकाच वेळी एकच गोष्ट ठाऊक आहे, आणि त्यामुळे कुणी कुणावर खेकसत नाही, कुणाचा बैल ताटकळत नाही, सगळं हळूहळू, आपसूक चाललं आहे. (मग कुणीतरी हाक मारायचं आणि मी टेबलावर यायचो.) आधी मी अहवाल मराठीत केला आणि त्याचे कागद फडाफडावर आणि तोडणीवाल्यांच्या राहत्या कोप्यांपाशी खळ लावून चिकटवले. तोडणीवाल्यांत वाचणारे थोडे, आणि खळ ज्वारीच्या पिठाची होती, त्यामुळे पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत शेळ्यांनी अहवाल संपवला. एवढ्या आवडीने तो त्याआधी कुणी घेतला नव्हता.

तेव्हा मला भोंगा सुचला. वाचता येवो न येवो, भोंगा सगळ्यांना ऐकू येतो. पाळीचा भोंगा झाला की जरा थांबायचं आणि मग गाडीतळाचा भोंगा द्यायचा. एक लांबलचक दिला की तळ मोकळा आहे, गाड्या जुंपा. तुटक तुटक दिला की तळ भरला आहे, आज फडातच थांबा. एवढंच, लहान पोरालाही कळेल असं. चेअरमनसाहेबांना हे फारच आवडलं. ते म्हणाले, ‘आपला भोंगा पार भीमेपल्याड जातोय, आन् नुसता वरडून ऱ्हातोय. त्याला कायतरी बोलू द्या की.’ शेतकी अधिकारी समोरच बसले होते, त्यांनी चहा तसाच ठेवला. महिनाभर हे बिनचूक चाललं तर शामकांतला कायम करू, असंही साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, आणि तुमच्या स्टेशनमास्तरांची अट तर तुला ठाऊकच आहे, हंगामी माणसाला मुलगी द्यायची नाही. म्हणजे माझी नोकरी, माझं लग्न आणि गाडीतळावरची बैलं, तिन्ही एकाच भोंग्याला जुंपलेली होती.

भोंग्याची साखळी सहादेवच्या हातात असते. हा सहादेव बॉयलरवर आहे, तोही माझ्यासारखाच हंगामी, आणि त्याच्याइतका अगत्यशील माणूस मी पाहिला नाही. बॉयलरच्या दारात उभा राहिलेला माणूस वसुलीला आला असला तरी सहादेव त्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. मी रोज पहाटेच्या आणि दुपारी बाराच्या पाळीआधी त्याला चिठ्ठी पाठवायची, तिच्यावर एक लांब रेघ किंवा तुटक रेघा, आणि तो त्याप्रमाणे साखळी ओढायचा.

पहिले काही दिवस जरा गोंधळ झाला, नाही असं नाही. इथल्या चार-पाच गावांत घड्याळ असं कुणी पाहतच नाही, सगळं भोंग्यावर चालतं. तुटक भोंगा झाला की शाळेतली मुलं दर तुकड्याला दप्तर उचलायची आणि गुरुजी खाली ठेवायला लावायचे. शेजारच्या वाडीत लग्न होतं, मुहूर्त बाराच्या भोंग्यानंतर पाच मिनिटांनी. नेमका त्या दिवशी तळ भरलेला. पहिल्या तुकड्याला मंडळींनी अक्षता टाकल्या, दुसऱ्याला पुन्हा टाकल्या, तिसऱ्याला भटजी ‘अहो थांबा’ म्हणत असताना टाकल्या, आणि खरा मुहूर्त आला तेव्हा कुणाच्या मुठीत दाणा नव्हता, सगळ्यांनी नुसतेच हात हलवले. नवरा मुलगा अंतरपाटामागे इतका दचकून गेला होता की अंतरपाट दूर झाल्यावर त्याने आधी वर पाहिलं. (दोघं सुखात आहेत, मी चौकशी केली.)

पण मग लोकांना कळायला लागलं, आणि मावशी, ते दिवस मी विसरणार नाही. पहाटे धुकं असायचं, लांब भोंगा सुटायचा, तुऱ्यांवरून तरंगत तरंगत पार काष्टीच्या अंगाला जाऊन विरायचा, आणि जरा वेळाने चहूकडून घुंगरांचे आवाज यायला लागायचे. तुटक भोंगा झाला की गाड्या जागच्या जागी राहायच्या, बायका निवांत तोडणी करायच्या, बैलं उसाच्या शेंड्याचे वाढे खात बसायची. तळावर भांडण नाही. राहीबाई म्हणून पाथर्डीकडची एक तोडणीवाली आहे, तिच्या टोळीत तिच्यापुढे मुकादमाचंही चालत नाही. ती एकदा खिडकीशी येऊन म्हणाली, ‘साहेब, आवंदा बैलं झोपत्यात बगा. मागल्या साली उभ्यानंच डोळं मिटायची.’ कायम व्हायचं पत्र मिळालं असतं तरी मला इतकं बरं वाटलं नसतं. मी तळ्याच्या कठड्यावर बसून सुनीतीला मनातल्या मनात हे सगळं सांगायचो. तुझ्या घरी बघण्याच्या वेळी तिने मला एकच प्रश्न विचारला होता, की तुम्ही अहवाल करता तो वाचतं कोण. तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. आता येत होतं.

आणि रविवार आला. काष्टी स्टेशनवर उतरून ते एस.टी.ने येणार होते. मी सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून फाटकापाशी उभा. सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं की शामकांतरावांचे पाव्हणे येणार. कँटीनवाल्याने शिरा केला होता. तळ मात्र तुडुंब भरलेला होता, कारण आदल्या दिवशी चरक बिघडून बंद होता. मी चिठ्ठीवर तुटक रेघा ओढून पाठवल्या आणि पुन्हा फाटकाशी येऊन उभा राहिलो. बाराचा भोंगा झाला. मग गाडीतळाचा सुरू झाला, तो लांब. लांब म्हणजे किती, थांबेचना. इतका लांब, इतका भरघोस भोंगा मी कधी ऐकला नव्हता. पहिल्यांदा मला छानच वाटलं (मी कशाचा विचार करत होतो ते लिहीत नाही), आणि मग चिठ्ठीवरच्या तुटक रेघा आठवल्या.

धावत बॉयलरवर गेलो. सहादेव नवा पटका बांधून साखळीपाशी उभा होता. म्हटलं, सहादेव, हे काय केलंस? तो म्हणाला, ‘साहेब, तुमचं पाव्हणं वाटंवर हायती. आन् म्या त्यास्नी तुटक भोंगा देऊ? येऊ नका म्हनून? आपल्या दारी येनाऱ्या मानसाला कुनी असं सांगतं व्हय?’ मावशी, मला त्याच्यावर रागावता आलं नाही. तू असतीस तर तूही लांबच दिला असतास.

तोवर सगळ्या फडांवरून गाड्या सुटल्या होत्या. चेअरमनसाहेबांचा भोंगा खोटं बोलत नाही अशी लोकांची खात्री बसली होती ना, म्हणून कुणी मागे राहिलं नाही. तळावर आधीच जागा नव्हती, त्यामुळे गाड्या फाटकाबाहेर, मग नाल्यापर्यंत, मग काष्टीच्या सडकेवर लागत गेल्या, आणि काष्टीहून येणारी एस.टी. त्यात अडकली. पुढे गाड्या, मागे गाड्या. मी चालत निघालो. दुपारचं ऊन उतरत होतं, नजर जाईल तिथवर उसाने भरलेल्या गाड्या, बैल माना हलवत होते त्याची किणकिण, आणि कुणाला कसली घाई दिसत नव्हती, कारण जायला वाटच नव्हती. मला वाटायला लागलं की आपण हे आधी कधीतरी पाहिलं आहे. मग आठवलं, तळ्याच्या कठड्यावर. सगळ्यांना एकाच वेळी एकच गोष्ट ठाऊक झाली होती. फक्त ती खोटी होती.

सुनीती मला बसच्या पायरीवर सापडली, राहीबाईच्या शेजारी, ऊस सोलून खात. (राहीबाईने तिला सांगितलं होतं, ‘ताई, ऊस खावा निवांत, बस आज काय हालत न्हाई.’) मी जवळ गेलो, तर तिनेच विचारलं की हा तो तुमचा भोंगा का. मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, ‘आणि चुकून वाजला तर? मागचं खोटं, परत फिरा, असं सांगायला काही खूण ठेवली आहे का तुम्ही?’ मावशी, ठेवली नव्हती. इतके दिवस कठड्यावर बसून मी सगळा विचार केला, आणि हा केला नाही. स्टेशनमास्तरांच्या घरात वाढलेल्या मुलीला तो पहिल्या झटक्यात सुचला. मी नाही म्हटलं, तशी तिने उसाचं एक कांडं माझ्यापुढे धरलं. तिथे रस्त्यातच मी ठरवून टाकलं की लग्न करीन तर हिच्याशीच.

आणि वडील? ते बसमधून उतरून केव्हाच पुढे गेले होते. कुणाचा तरी तांबडा पटका एका हातात, बसच्या कंडक्टरचा हिरवा रुमाल दुसऱ्या हातात, आणि सडकेच्या मधोमध उभे राहून ते भरल्या गाड्या एका अंगाला लावून रिकाम्यांना दुसऱ्या अंगाने काढत होते. गाडीवान त्यांचं मुकाट्याने ऐकत होते. दिवेलागणीच्या सुमाराला सडक मोकळी झाली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज होतं की मला वाटलं, माझं काम झालं. पण ऑफिसात आल्यावर, चेअरमनसाहेब, मॅनेजर, शेतकी अधिकारी सगळे जमलेले असताना, स्टेशनमास्तरांनी पटका घडी करून टेबलावर ठेवला आणि विचारलं, सिग्नल कोणी दिला? सहादेव दारात उभा होता. त्याचा रंग उडाला होता. शेतकी अधिकारी त्याच्याकडेच बघत होते. बॉयलरवरचा हंगामी माणूस, त्याला त्याच संध्याकाळी घरी पाठवला असता, आणि त्याने केलं काय होतं, तर माझ्या पाहुण्यांना या म्हटलं होतं. मी म्हटलं, मी दिला. चिठ्ठीवर रेघ चुकली.

 स्टेशनमास्तरांनी टोपी घातली आणि सुनीतीला चल म्हटलं. शिरा तसाच राहिला. सहादेवने आपली गाडी जुंपली आणि दोघांना काष्टी स्टेशनवर सोडून आला. दुसऱ्या दिवशी चेअरमनसाहेबांनी गाडीतळाचा भोंगा बंद केला, माझं कायम होणं पुढच्या हंगामावर ढकललं, आणि अहवाल पुन्हा इंग्रजीत करायचा, कार्बनची एक प्रत वाढवून, असा हुकूम दिला. (गंमत अशी की आता सकाळी राहीबाई आणि सगळ्या टोळ्यांची माणसं माझ्या खिडकीशी येतात, ‘आज काय हाय?’ विचारतात, आणि मी सांगितलं की जातात. तळ व्यवस्थित आहे. साहेबांना वाटतं, लोक माझी समजूत काढायला येतात.)

असो. मी पुष्कळ विचार केला आणि पुणतांब्याचा विषय मनातून काढून टाकला आहे. स्टेशनमास्तरांचं बरोबर आहे. त्यांना कायम नोकरीचा, धोरणी जावई मिळो, सुनीती सुखात राहो. तू मध्ये पडून शब्द टाकू नकोस. सहादेवचं तर कुणालाच सांगू नकोस. मला वाईट वाटत नाही. काकांना नमस्कार, वासराच्या पाठीवरून माझा हात फिरव.

तुझा,
शामकांत

ता. क. नगरला आईला यातलं काही कळवू नकोस. तिला वाटतं मी कायम झालो.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवण्याआधी पुन्हा वाचलं. मला वाईट वाटत नाही असं वर लिहिलं आहे ते साफ खोटं आहे. मला फार वाईट वाटतं. चार रात्री मी धड झोपलेलो नाही आणि कठड्यावर बसलो तर समोर तुऱ्यांऐवजी ती ऊस सोलतानाच दिसते. मावशी, शब्द टाक. गुडघे दुखत असले तरी आजच्या आज त्यांच्याकडे जा आणि सहादेवचं सगळं सांग. निदान सुनीतीला तरी सांग. हे एवढं लांब पत्र मी त्यासाठीच लिहायला बसलो होतो.

ता. क. तिसरा. थांब, जाऊ नकोस! आत्ता सहादेव आला होता. खाली मान घालून म्हणाला, ‘साहेब, मला ऱ्हावत न्हाई आता. म्या त्याच दिशी गाडीत समदं सांगून टाकलंय त्यास्नी.’ म्हटलं, मग? तर सगळं ऐकून स्टेशनमास्तर म्हणाले की आमच्या रेल्वेत रूळ बदलणारा पॉइंट्समन चुकला तर स्टेशनमास्तर ते आपल्या अंगावर घ्यायचा, मीही एकदा घेतलं आहे, माझी पगारवाढ गेली होती. आणि उतरताना सहादेवला बजावलं की पोराला यातलं काही सांगायचं नाही. आपल्याला बघायचं आहे की तो किती दिवस तोंड मिटून राहतो. तुझ्याशी ते बोलत नाहीत, ते त्यासाठीच. मावशी, मी चारच दिवस राहिलो. हे पत्र फाडून दुसरं लिहायला हवं, कळतं मला, पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझा जीव राहत नाही. तेव्हा माझी पत्रं ओसरीवर बसून मोठ्याने वाचायची तुझी सवय आहे, ती एवढ्या एका पत्रापुरती सोड. वाचलंस की चुलीत घाल. आणि स्टेशनमास्तरांनी विचारलंच, की भाच्याचं काय पत्र, तर शामूने लिहिलं आहे की भोंगा त्यानेच वाजवला, एवढंच सांग.